आप्पांचा नाग

नागपंचमीला आमच्या संग्रहालयात बायकांची रांग लागते, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. हसू दे. माळावरची वारुळं जेसीबीनं कधीच सपाट केली, तिथं आता प्लॉट पडलेत. मग बायकांनी पुजायचं काय? त्यांनीच शोधून काढलं की शाळेच्या आवारात मॅडमच्या हॉलमध्ये एक नाग बाटलीत बसलेला आहे, तो पळत नाही, चावत नाही आणि रस्त्याच्या कडेलाच आहे. पहिल्या वर्षी मी भांडले. दुसऱ्या वर्षी जरा कमी भांडले. आता मी एवढंच सांगते की हळदीकुंकू काचेला बाहेरून लावा, झाकणाला हात लावू नका आणि लाह्या खाली सांडू नका, मुंग्या होतात.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो नाग नाहीच. धामण आहे.

मी वनमाला. इथल्या शाळेत मी विज्ञान शिकवलं आणि त्याच शाळेच्या जुन्या हॉलमध्ये हे संग्रहालय उभं केलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी किल्ली माझ्याकडंच आहे, कारण ती घ्यायला कुणी तयार नाही. आष्टी तालुक्यात, कड्याच्या अलीकडं फाट्यावर उतरलात तर पिवळ्या भिंतींचा लांबट हॉल दिसेल, तोच. आत भुसा भरलेला एक लांडगा आहे, त्याचा एक कान उंदरांनी खाल्ला. काळविटाची शिंगं आहेत. सुगरणीची घरटी इतकी आहेत की नकोशी झालीत, कारण ऊसतोडीला गेलेली माणसं उन्हाळ्यात गावी परतली की रिकाम्या हातानं हॉलमध्ये येत नाहीत. कुणी घरटं आणतं, कुणी सापाची कात, कुणी कर्नाटकातल्या फडात सापडलेला साळिंदराचा काटा. नदीच्या वाळूत निघालेलं एक दगड झालेलं हाड आहे, मांडीएवढं जाड. त्याला कुणीतरी गुपचूप शेंदूर लावला. मी पुसला. परत लावला. मग मी पुसायचं सोडून दिलं.

गावाला संग्रहालयाचा खरा उपयोग सापांसाठी. कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की माणूस दवाखान्यात जातो आणि घरचा एखादा माणूस मारलेलं जनावर पिशवीत घालून माझ्याकडं येतो. बाटल्यांशी लावून बघायचं आणि दवाखान्यात फोन करायचा, की बिनविषारी आहे, घाबरू नका, किंवा घोणस आहे, लगेच नगरला हलवा. असे किती जीव वाचले ते मी मोजले नाहीत. पण रात्रीबेरात्री दार वाजलं की अजून पाय आपोआप चपलेत जातात, आणि हल्ली गुडघे म्हणतात, बाई, आता पुरे.

तर ती धामण. हॉलचं उद्घाटन व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे आप्पा. पुढं पंचायत समितीचे सभापती झाले, तेव्हा नुसते मोठे बागायतदार होते. हॉलला जागा त्यांचीच. त्यांनी गोठ्यात एक लांबलचक साप काठीनं मारला आणि पोत्यात घालून स्वतः घेऊन आले. सोबत नगरहून करून आणलेली पितळी पाटी. ‘नाग. दाते: आप्पासाहेब,’ असं काहीतरी आणि पुढं गावाचं नाव. पोतं उघडून मी बघितलं आणि म्हणाले, “आप्पा, ही धामण आहे. हिला विष नसतं, उंदीर खाते बिचारी.” आप्पा हसले. “बाई, मारला मी, फडी काढून उभा ऱ्हायलेला बघितला मी, आन् तुमी मला सांगता?” पाटी बसली. पेपरात फोटो आला.

मी पाटीला हात लावला नाही. पण शाळेची जी जी सातवी त्या हॉलमध्ये आली, तिला मी पहिल्यांदा त्या बाटलीसमोर उभं केलं. “पाटी वाचू नका, साप बघा. ओठांवरच्या खवल्यांना काळ्या रेघा दिसतात? शेपूट किती लांब आणि बारीक आहे? डोळा केवढा मोठा? मग हा कोण?” आणि सगळा वर्ग ओरडायचा, “धामण!” एवढं ओरडायचा की पलीकडच्या वर्गातले गुरुजी खिडकीत यायचे. पंचवीस-तीस वर्षं हा धडा चालला. गावात आज जो कुणी पन्नाशीच्या आतला आहे, त्यानं आप्पांच्या नागासमोर उभं राहून धामण म्हणून बोंब मारलेली आहे. पण आप्पांच्या कानावर ती कधी गेली नाही. आप्पांच्या कानावर काय जाऊ द्यायचं आणि काय नाही, हे आमच्या गावाला शिकवावं लागत नाही.

भादव्यात एका दुपारी आप्पा आणि त्यांची बायको सुंदरबाई हॉलमध्ये आले. आप्पा आता काठी घेऊन चालतात, पण आवाज सभापतीचाच आहे.

“बाई, नाग न्यायला आलोय.”

“कुठला नाग?”

“कुठला म्हंजे? माझा.”

मग सुंदरबाईंनी सगळं सांगितलं. त्यांचा एकुलता मुलगा सत्यम. लग्नाला सहा वर्षं होत आली, मूल नाही. कुठून तरी लांबून एक दोष पाहणारा आणला होता. त्यानं ओसरीवर बसून डोळे मिटले आणि सांगितलं, या घराच्या हातून नाग मेला, त्याचं दहन झालं नाही, तो अजून पाण्यात तरंगतोय, आणि तो तरंगतोय तोवर इथं पाळणा हलायचा नाही. नाग मारला गेला तर त्याच्या तोंडात नाणं ठेवून, तूप घालून, माणसासारखं जाळायचं, ही आमच्याकडची रीत. आप्पांनी जाळायच्या ऐवजी पाटी लावली होती.

“बाई, मुक्या जनावराला ना माती मिळाली ना आग,” सुंदरबाई म्हणाल्या. “आमी जेवतो, झोपतो, आन् ते हितं काचंत. मला तर घास जात न्हाई.”

त्यांचे डोळे भरले होते आणि ते खोटं नव्हतं. मला मात्र रागच आला. मी विचारलं, “आणि सून कुठं आहे?”

“हाय म्हायेरी,” आप्पा म्हणाले. “दोष जाईस्तोवर ऱ्हाऊ दे म्हणलं. न्हाई गेला तर मग बघावं लागंल. एकुलता हाय.”

बघावं लागंल म्हणजे काय, ते गावाला माहीत होतं. फारकत घ्यायची आणि दुसरी करायची. आष्टीकडची एक पोरगी बघूनही झाली होती म्हणे.

माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर. पण मी म्हणाले, “आप्पा, वनखात्याकडं इथल्या सगळ्या प्राण्यांची नोंद आहे. असं उचलून देता येत नाही.”

“वनखात्याचं मी बघतो. तुमी फकस्त बाटली काढून ठिवा.”

“विचार करून सांगते,” मी म्हणाले. आप्पांना ‘विचार करून सांगते’ हे वाक्य ऐकायची सवय नाही. ते काठी आपटत गेले. सुंदरबाई जाताना बाटलीसमोर थांबल्या आणि काचेला दोन्ही हात लावून पाया पडल्या. धामण आपली वेटोळं घालून तरंगत होती.

त्या गेल्यावर मी ठरवलं की द्यायची नाही. जीव गेला तरी नाही. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी घसा फोडला, तीच नेऊन पेटवायची? उलट आप्पांच्या ओसरीवर जायचं आणि सांगायचं, आप्पा, नाग कधी मेलाच नाही, तर दोष कसला? इतकी सोपी गोष्ट. त्या पोरीची सुटका माझ्याच बाटलीत आहे, असं मला वाटलं आणि फार दिवसांनी थोडा हुरूप आला.

ती पोरगी म्हणजे रोहिणी. ती माझीच विद्यार्थिनी. साधीसुधी नाही, चांगली. विज्ञान दिनाला हॉलमध्ये उभी राहून सापांची माहिती सांगायची आणि मास्तर लोकांचे प्रश्न असे परतवायची की मला पदर तोंडाला लावून हसावं लागायचं. पुढं बी.एस्सी. झाली. आप्पांनी सून म्हणून मागितली तेव्हा गाव म्हणालं, पोरीनं नशीब काढलं. सत्यम तिच्या पुढच्या वर्गातला, शांत, बापासमोर मान वर न करणारा.

दुसऱ्याच दिवशी ती आली. तिचं माहेर इथून दोन शेतं पलीकडं वस्तीवर आहे. गाल बसले होते. आल्या आल्या तिनं केरसुणी घेतली आणि हॉल झाडायला लागली, पूर्वी झाडायची तशीच.

“ठेव ते,” मी म्हणाले. “बरं झालं आलीस. मी उद्या आप्पांकडं जाणार आहे. सगळं सांगून टाकते त्यांना.”

ती थांबली. “काय सांगणार?”

“धामण आहे म्हणून. नागच नाही तर दोष कुठनं आला?”

“मॅडम, सांगू नका.” ती खाली माझ्यासमोर बसली. “साप देऊन टाका त्यांला. जाळू द्या.”

माझा तोल गेला. मी तिला नको ते बोलले. तुला शिकवलं त्यापेक्षा या लांडग्याला शिकवलं असतं तर बरं झालं असतं, असंसुद्धा म्हणाले. ती ऐकून घेत होती. शाळेतही ती माझं बोलून होईपर्यंत थांबायची.

“तुला तरी माहीत आहे ना ती धामण आहे ते?”

“सगळ्यायला म्हाईत हाय. ह्यांला पण म्हाईत हाय.” ह्यांला म्हणजे सत्यमला. “लग्नानंतर पंचमीला मी इथं पूजेला आलते आत्याबाईंसंगं, तर घरी गेल्यावर हे मला हळूच म्हणले, धामणीला लाह्या चारून आलीस का? आमी दोघं लई हसलो तवा.”

“मग तो बापाला का सांगत नाही?”

“आप्पांला कोण सांगतं, मॅडम? तुमी सांगितलं का परत?”

खरं होतं.

“आन् समजा सांगितलं,” ती म्हणाली. “आप्पांनी ऐकलं पण. मग काय व्हईल? नागाचा दोष गेला, दुसरा काढतील. म्हसोबाचा बोकड ऱ्हायला म्हणतील. न्हाई तर माझा पायगुण. पायगुणाला मी काय दाखवणार? तो बाटलीत ठिवता येतो का? मॅडम, माझ्या नशिबानं ह्यायनी आसं कारण काढलंय, जे हातात धरता येतं, जाळता येतं. ते संपू द्या की एकदाचं.”

मग तिनं दवाखान्याचं सांगितलं. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, बीडला झाल्या, नगरला झाल्या. तिच्यात काही नव्हतं. डॉक्टरांनी दोन्हीकडं एकच सांगितलं, आता मालकांना घेऊन या. हे घरी सांगितलं तर आप्पांनी ताट भिरकावलं. आमच्या घराण्यात असलं काही नसतं, म्हणाले. सत्यम तेव्हाही खाली बघत होता.

“हे वाईट न्हाईत, मॅडम,” ती म्हणाली. “भित्यात.”

“तुला परत त्या घरात जायचंय?”

“व्हय.” तिनं लगेच उत्तर दिलं. “मला ह्यांच्यासंगं ऱ्हायाचंय. मूल झालं तर झालं. पण माझ्यापायी न्हाई झालं, हे एकदा कळू द्या सगळ्यांला. मला तेवढंच पायजे.”

जाताना दारात उभी राहून म्हणाली, “आन् मॅडम, कुणी इचारलं तर नागच हाय म्हणा. तुमी म्हणलं तर कुणी काय बोलणार न्हाई.”

“ते नाही जमणार.”

“बघा,” ती म्हणाली आणि गेली.

मी दोन दिवस हॉल उघडला नाही. पाठ दुखते म्हणून बजरंगला सांगितलं. बजरंग म्हणजे हॉलचा शिपाई. शाळा त्याला शाळेचा समजते आणि मी हॉलचा. पाठ दुखतच होती, पण ती रोजच दुखते. मला कंटाळा आला होता. लोकांचा, आप्पांचा, त्या पोरीच्या शहाणपणाचा आणि ती म्हणते ते बरोबर आहे याचा. मी इतकी वर्षं समजत होते की लोकांना माहीत नाही म्हणून ते असं वागतात. एकदा कळलं की झालं. आणि इथं तर सगळ्यांना सगळं माहीत होतं, अगदी शेपटीच्या लांबीसकट. मग मी नेमकं शिकवलं काय? तिसऱ्या दिवशी मी आप्पांना निरोप धाडला की बाटली घेऊन जा.

दहन आप्पांच्या मळ्यामागच्या पडीक रानात होतं, सकाळी. मी जाणार नव्हते. पण बाटलीतलं औषध उघड्या हातानं कुणी उपसलं असतं तर कातडी सोलून निघाली असती, म्हणून हातमोजे घेऊन गेले. अर्धा गाव जमला होता. लिंबाखाली गोवऱ्या रचलेल्या, चंदनाचं एक खोड, तुपाची वाटी, कापूर, सगळं जिथल्या तिथं. रोहिणीला माहेराहून बोलावलं होतं, दहनाला सून हवी म्हणून. ती डोक्यावर पदर घेऊन सुंदरबाईंच्या मागं उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मी झाकण उघडलं आणि वास सुटला. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, ते औषध डोळ्यांत मिरची घातल्यासारखं झोंबतं. पहिल्या रांगेतल्या माणसांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मागच्यांना वाटलं, पुढचे रडतायत, म्हणून त्यांनी टोप्या काढल्या. सुंदरबाई मात्र खरंच रडत होत्या.

धामण बाहेर काढून मी केळीच्या पानावर ठेवली. इतकी वर्षं वेटोळं घालून बसल्यानं ती सरळ होईना. गुरव शेजारच्या गावचा, तरुण, माझ्या हाताखालून न गेलेला. त्यानं तोंडात नाणं घालायचा प्रयत्न केला, पण जबडा लाकडासारखा झालेला. शेवटी नाणं डोक्यावर ठेवलं. तूप लावता लावता तो थबकला. वाकून बघायला लागला.

“आप्पा,” तो म्हणाला, “फडीची खूण कुठं दिसंना. आन् शेपूट तर लईच लांब हाय. मला तर हे...”

तो पुढं बोलला नाही, पण बोलल्यासारखंच होतं. मी मान वर केली आणि समोरचे चेहरे बघितले. एकूण एक माझे. कुणाला मी अंगठे धरायला लावले होते, कुणाच्या परीक्षेच्या फीसाठी भांडले होते. दूध डेअरीचा सचिव, सरपंचाचा भाऊ, अंगणवाडीच्या दोघीजणी, मेडिकलवाला. सगळे जमिनीकडं बघत होते. त्यातला एक जरी तोंड उघडून धामण म्हणाला असता, तर माझ्या आयुष्याचं सोनं झालं असतं आणि रोहिणीची माती. मग एकेक करून सगळे माझ्याकडं बघायला लागले. आप्पासुद्धा. त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती बघितली.

“बाई,” सुंदरबाई म्हणाल्या, “तुमी सांगा. नागच हाय न्हवं?”

“नाग आहे,” मी म्हणाले. “औषधात फार वर्षं राहिला की फडीची खूण पुसते. शेपूटही ताणली जाते.”

शास्त्रात असलं काही नाही. पण मी ते अशा सुरात सांगितलं, जसं सातवीला सांगायचे. गुरवानं मान डोलावली. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांनी एकदम श्वास सोडला. आणि मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

ती जळेना. औषधानं भिजलेली, नुसती धुमसत राहिली. रॉकेल आता कुठं मिळतं? सत्यमनं ट्रॅक्टरमधून बाटलीभर डिझेल काढून आणलं, तेव्हा कुठं ज्वाळा उठली. आप्पांनी हात जोडले. सगळ्यांनी जोडले. मीही जोडले, कारण बिचारीचा काही दोष नव्हता. उंदीर खाण्यापलीकडं तिनं कुणाचं काही केलं नव्हतं.

राख झाल्यावर सुंदरबाईंनी डोळे पुसले, रोहिणीच्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाल्या, “चल बाई आता. घरी चल.”

“येते, आत्याबाई,” रोहिणी म्हणाली. तिनं पदर नीट केला. “दोष गेला न्हवं आता?”

“गेला की. सगळ्यायच्या देखत गेला.”

“मग आता दवाखाना करू. माझं समदं तपासून झालंय. डॉक्टर म्हणत्यात, आता ह्यांला आणा.”

आप्पांची काठी जमिनीवर आपटली. “हे घरी बोलू.”

“घरी बोलले, आप्पा. दोनदा बोलले. तवा नागाचा दोष होता. आता काय हाय ते सांगा.” ती ओरडून बोलत नव्हती. शाळेत माहिती सांगायची, तसंच बोलत होती. “मॅडमनी पण सांगितलं, नाग होता. नाग गेला. मग आता का म्हणून जायचं न्हाई?”

“वरीसभर बघू,” आप्पा म्हणाले. “दोष जायला येळ लागतो. आन् आमच्या घरात असलं...”

“आवो, कसला येळ?” हे सुंदरबाई बोलल्या. आम्ही सगळेच दचकलो. आजवर त्या आप्पांच्या वाक्यात मध्ये बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे औषधानं आणि रडण्यानं लालभडक झाले होते. “दोष व्हता तवर आपुन म्हणलो, दोष हाय. आता जळाला की तो डोळ्यासमोर. मंग भ्यायाचं कशाला? पोरगा निरोगी आसंल तर डॉक्टर निरोगी म्हणंल. न्हाई तर औषीद दिईल. सत्यम, जा तिच्यासंगं.”

सुंदरबाई मनापासून मानत होत्या, हीच आप्पांची पंचाईत. त्यांच्या लेखी नाग खरा होता, आग खरी होती आणि दोष खराच गेला होता. मी त्या बाईला इतकी वर्षं अडाणी समजत आले, आणि सगळ्या रानात खरं बोलणारी तीच एकटी होती.

सत्यमनं खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली. रोहिणीला म्हणाला, “आजच जायचं का?”

“आजच जाऊ,” ती म्हणाली.

तो बापाकडं न बघता चालायला लागला. ती माझ्याजवळून गेली तेव्हा तिनं फक्त माझा हात दाबला. हातमोजा अजून तसाच होता, त्यामुळं मला तिचा हात नीट कळलाही नाही.

लोक पांगले. मी आणि बजरंग रिकामी बाटली घेऊन पायवाटेनं निघालो. मला आनंद झाला होता, नाही असं नाही. पण तो नीट बसून घ्यावा एवढं त्राण अंगात नव्हतं. डोळे चुरचुरत होते. दुपारच्या आत दोघं बीडच्या रस्त्याला लागतील, मग तपासणी, मग जे निघेल ते. तोवर आप्पा ओसरीवर बसून एकच गोष्ट शोधत राहतील, की हे सगळं थांबवायला काही सापडतं का. कुणी येऊन नुसतं म्हणायचा अवकाश, की आप्पा, जळाली ती धामण होती, नाग नव्हताच. मग दोष दुसराच आहे, तो गेलाच नाही म्हणतील, पाहणारा परत येईल, आणि रोहिणी पुन्हा माहेरी.

बजरंगनं मागं-पुढं बघितलं. वाटेवर कुणी नव्हतं.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “आता तर सांगा. धामणच होती की.”

बजरंगच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण चांगला माणूस आहे. त्यानं हे हसत हसत विचारलं होतं, दोघांत एक गुपित असल्यासारखं, आणि मला फार वाटलं की हो म्हणावं. निदान एका माणसापाशी तरी.

“नाग होता, बजरंग.”

तो थांबलाच. “आन् मग इतकी वर्षं पोरायला तुमी...”

“चुकीचं शिकवलं,” मी म्हणाले. “मला साप ओळखता आला नाही. जा, डेअरीवर सांग, पारावर सांग, सगळ्यांना सांग. मॅडम चुकल्या होत्या म्हणून सांग.”

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मला दुसरीकडं बघावं लागलं. मग त्यानं माझ्या हातातली बाटली घेतली आणि पुढं चालायला लागला.